राष्ट्रपतींची पारख : चांगला कोण, वाईट कोण?



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, की आमच्या मावळात संध्याकाळी पारावर माणसे जमू लागतात. आंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, गप्पांची वाट एकच. भाताच्या दरापासून सुरुवात होते, मग रस्त्यात गेलेल्या जमिनी येतात, आणि शेवटी गाडी देशाच्या कारभारावर जाऊन थांबते. लोणावळ्याहून पुण्याला जाणाऱ्या लोकलच्या डब्यातही तेच. अशा वेळी कोणी तरी हटकून विचारतो, "आजवर इतके राष्ट्रपती झाले, त्यांत सगळ्यात चांगला कोण आणि सगळ्यात वाईट कोण?"

मग काय, रणच माजते. तरुण पोरे एका सुरात कलामसाहेबांचे नाव घेतात. म्हातारी मंडळी राजेंद्रबाबूंचे नाव सोडत नाहीत. शाळामास्तर राधाकृष्णन यांच्यासाठी भांडतात. एखादी मावशी ओसरीवरून म्हणते, "आपल्या प्रतिभाताईंना का विसरता?" आणि कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेला कोणी तरी सगळ्यांवर पाणी ओततो, "कसले चांगले अन् कसले वाईट! रबरी शिक्का तो. उमटवला काय, न उमटवला काय!"

हा वाद रिकामटेकड्यांचा आहे असे समजू नका. ज्याची परीक्षा करायची त्याचे काम काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय परीक्षा होत नाही. इंद्रायणी भाताची चव वेगळी, आंबेमोहराची वेगळी. आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी वाण दिले. त्याला आंबेमोहराचे माप लावून नावे ठेवली तर चूक भाताची नाही, माप लावणाऱ्याची. राष्ट्रपतींचेही तसेच आहे. तेव्हा आधी माप ठरवू या आणि मग एकेकाला तोलू या.

कारभारी वेगळा, सही वेगळी

अमेरिकेत असा वाद फार जुना आहे. तिथे १९४८ मध्ये ५५ इतिहासकारांना विचारून राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावली गेली. लिंकन पहिले आले आणि हार्डिंग शेवटचे. पण तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतः राज्य चालवतो. मंत्री त्याचे, धोरण त्याचे, यशही त्याचे आणि खापरही त्याच्याच माथ्यावर.

आपल्याकडे तसे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे उलगडून सांगितले होते. आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासारखा नाही, त्याची जागा इंग्लंडच्या राजासारखी आहे. तो राष्ट्राचा प्रमुख आहे, सरकारचा कारभारी नाही. कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ करते. सही मात्र राष्ट्रपतींची लागते.

म्हणजे महागाई वाढली, पाऊस पडला नाही, कांद्याचा भाव कोसळला, म्हणून राष्ट्रपती वाईट ठरत नाही. पीक उदंड आले म्हणून चांगलाही ठरत नाही. त्याचे माप सहीचे. समोर कागद आल्यावर त्याने काय केले? वाचला का? विचारले का? परत पाठवला का? आणि कधी पाठवायला हवा होता तेव्हा गप्प बसला का?

शेतकऱ्याच्या घराला सहीचे मोल सांगायला नको. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणाऱ्याची एक सही. कुलमुखत्यारपत्रावरचा आजोबांचा एक अंगठा. लोणावळ्याच्या आसपास डोंगराकडेच्या किती जमिनी अशा एका अंगठ्यावर गेल्या आणि तिथे बंगले उठले, हे मावळातल्या घराघरांत माहीत आहे. जामीनदार कर्ज घेत नाही, पण कर्ज बुडाले तर लोक त्याच्याकडेच बघतात. राष्ट्रपती हा सरकारी कागदाचा असा जामीनदार समजा, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल.

नियमही थोडक्यात ध्यानात ठेवा. संसदेने संमत केलेले विधेयक राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पैशाच्या विधेयकाला ती सवलत नाही. संसदेने ते पुन्हा संमत केले तर सही करावीच लागते. मंत्रिमंडळाचा सल्ला बांधील आहे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिले गेले, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो सल्लाही एकदा परत पाठवण्याची मुभा दिली. एकदा, दोनदा नाही. पण त्या 'एकदा'त किती ताकद आहे ते पुढे दिसेलच.

मावळच्या मताचे वजन

राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही. आपले निवडून दिलेले आमदार आणि खासदार निवडतात. प्रत्येक आमदाराच्या मताला वजन असते आणि ते राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. हिशेब १९७१ च्या जनगणनेचा धरतात. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन घटू नये, म्हणून हा आकडा गोठवला. १९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांवर होती. तिला २८८ आमदारांनी भागा, आणि पुन्हा हजाराने भागा. उत्तर येते १७५. म्हणजे मावळच्या आमदाराने टाकलेले एक मत १७५ धरले जाते. मावळचा खासदारही मत देतो. २०२२ च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचे वजन ७०० होते.

मतदार पसंतीचे आकडे घालतो, पहिली पसंती, दुसरी पसंती असे. १९६९ साली या दुसऱ्या पसंतीनेच निकाल फिरवला. त्या वेळी सत्ताधारी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते आणि व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते. तिसरे होते आपले मराठी माणूस, चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्या निवडणुकीत त्यांना १,१२,७६९ इतकी मते पडली. पहिल्या मोजणीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नव्हती. बाकीच्यांची दुसरी पसंती वाटल्यावर गिरींची मते ४,२०,०७७ झाली आणि रेड्डींची ४,०५,४२७. पंधरा हजारांच्या आतला फरक! देशमुख निवडून आले असते तर पहिला मराठी राष्ट्रपती १९६९ मध्येच झाला असता. तो मान पुढे १९७७ मध्ये बिनविरोध निवडून आलेल्या रेड्डींनाही मिळाला, पण राष्ट्रपती म्हणून, मराठी म्हणून नव्हे. मराठी माणसाला त्यासाठी २००७ पर्यंत थांबावे लागले.

राजेंद्रबाबूंची नापसंती आणि लेकींचा वाटा

२६ जानेवारी १९५० रोजी शपथ घेतलेले राजेंद्रप्रसाद १९६२ पर्यंत पदावर राहिले. दोनदा निवडून आलेले ते एकटेच. साधे राहणीमान, ठरलेल्या पगारापेक्षा कमीच पगार घेण्याची वृत्ती, म्हणून म्हाताऱ्या मंडळींचे त्यांच्यावर प्रेम.

पण त्यांच्या कारकिर्दीत एक मोठा पेच आला होता. हिंदू कायद्यातल्या सुधारणा त्यांना पसंत नव्हत्या. १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना तसे लिहून कळवले आणि विधेयक आले तर आपण आपल्या बुद्धीने निर्णय घेऊ असे सुचवले. राष्ट्रपतींना असे करता येईल का, हा प्रश्न तेव्हा नवा होता. महान्यायवादी सेटलवाड यांचा अभिप्राय आला की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचे. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला, तेव्हा राजेंद्रबाबूंनी दोन्हींवर सही केली.

माझ्या भगिनींनो, या सहीकडे नीट बघा. १९५६ च्या कायद्याने लेकीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि साऱ्या देशाला तो २००५ मध्ये कलामांच्या सहीने मिळाला. स्वतःला न पटलेला कायदा लोकप्रतिनिधींनी केला म्हणून सही करणे, यालाही मोठे मन लागते. मला राजेंद्रबाबू या एका गोष्टीसाठी थोर वाटतात. राष्ट्रपतीने आपला हट्ट कुठे सोडायचा, हे त्यांनी घालून दिले.

जून १९७५ ची रात्र

आता उलटे उदाहरण. २५ जून १९७५ ची रात्र. पंतप्रधान इंदिरा गांधींकडून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे अंतर्गत आणीबाणीचा कागद गेला. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता झाली, म्हणजे राष्ट्रपतींची सही होऊन गेल्यावर. रात्रीतच पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली, वर्तमानपत्रांवर बंधने आली. येरवड्याच्या तुरुंगात राजकीय कैदी भरले. जवळजवळ एकवीस महिने, मार्च १९७७ पर्यंत हे चालले.

अबू अब्राहम या व्यंगचित्रकाराचे त्या काळचे एक चित्र फार गाजले. राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसले आहेत आणि तिथूनच हात बाहेर काढून अध्यादेशावर सही करीत आहेत. डिसेंबर १९७५ मधले ते चित्र पन्नास वर्षांनंतरही लोक विसरलेले नाहीत.

कोणी म्हणेल, त्यांनी सही नाकारली असती तरी काय झाले असते? सल्ला मानावाच लागला असता. हे खरे असेलही. पण "मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?" एवढे विचारायला कोणाची बंदी होती? सकाळपर्यंत थांबायला काय हरकत होती? जामीनदाराने एवढेच विचारायचे असते. हा प्रश्न त्या रात्री विचारला गेला नाही, म्हणून ४४ व्या दुरुस्तीत लिहावे लागले की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याखेरीज राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये. 'अंतर्गत अशांतता' हे ढिले कारणही काढून त्या जागी 'सशस्त्र बंड' असे घातले.

कागद परत पाठवणारे

रबरी शिक्का म्हणणाऱ्या काकांसाठी आता काही दाखले.

झैलसिंग हे पंजाबातल्या खेड्यातून आलेले. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, १९८४ च्या घटनांमुळे तर फारच. पण १९८६ मध्ये लोकांची पत्रे उघडून बघण्याचा अधिकार सरकारला देणारे टपाल विधेयक त्यांच्यापुढे आले, तेव्हा त्यांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवले नाही. नुसते ठेवून दिले. घटनेत राष्ट्रपतींना विधेयकासाठी मुदत घातलेली नाही, तिचा हा उपयोग. त्या विधेयकाचा कायदा झालाच नाही. परगावी नोकरीला गेलेल्या मुलाचे पत्र मधेच कोणी उघडावे, हे कुठल्या आईला आवडेल?

के. आर. नारायणन यांनी तर दोनदा दाखवून दिले. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने माघार घेतली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस केली. तीही परत गेली. सरकार कोणत्या पक्षाचे हे त्यांनी पाहिले नाही, कागद पाहिला. आपण ज्या 'एकदा'बद्दल बोललो, तो हा. गरीब दलित घरात जन्मलेला, मैलोगणती चालत शाळेत गेलेला हा माणूस १९९८ च्या निवडणुकीत सामान्य मतदारासारखा रांगेत उभा राहून मत देऊन आला. पदावर असताना असे करणारे ते पहिले राष्ट्रपती.

आता कलामसाहेब. मुलांत रमणारा, साधा, निष्कलंक माणूस. लोकांच्या मनात त्यांची जागा पहिली आहे आणि ती कोणी हिरावून घेऊ नये. पण सहीच्या मापाने तोलले तर पारडे खालीवर होते. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्त करण्याचा कागद त्यांच्याकडे रातोरात धाडला गेला आणि त्यांनी सही केली. ती बरखास्ती घटनाबाह्य होती असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ठरवले. या प्रकरणाने आपण राजीनाम्याचा विचार केला होता, हे कलामांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिले. दुसऱ्याच वर्षी, मे २००६ मध्ये, लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांनी संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते तसेच पुन्हा संमत केले, तेव्हा नियमाप्रमाणे सही केली. एकाच माणसाच्या हातून दोन्ही गोष्टी घडतात, हे यातून घ्यायचे.

महाराष्ट्रालाही राष्ट्रपती राजवट नवी नाही. १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा ती आपण पाहिली. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी तर सूर्य उगवण्याआधी ती उठली. तुम्ही आम्ही उठून दूध काढायला गोठ्यात गेलो तेव्हा दिल्लीत सही होऊन गेली होती. त्या पहाटे मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. पंतप्रधानांच्या खास अधिकारात शिफारस गेली होती. ज्याच्या पक्षाला ते सोयीचे होते तो म्हणाला, नियमात बसते. ज्याला गैरसोयीचे होते तो म्हणाला, अंधारातली सही. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात ते असे. माप लावताना पक्ष घरी ठेवून यावे लागते, नाही तर वाद नुसता गळ्याचा होतो.

शेतकऱ्याच्या दारातली सही

राष्ट्रपतींच्या सहीचा आपल्या बांधाशी काय संबंध, असे वाटत असेल तर तीन सह्या आठवा.

पहिली १९ जुलै १९६९ ची. झाकिर हुसेन मे महिन्यात पदावर असतानाच वारले होते आणि गिरी हंगामी काम पाहत होते. त्यांनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली. दुसऱ्याच दिवशी निवडणूक लढवण्यासाठी ते पदावरून बाजूला झाले. त्या चौदांत आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. पुढे बँकेच्या शाखा खेड्यांकडे आल्या आणि शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरे दार दिसले.

दुसरी जमिनीची. २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, सरकार आणि खासगी भागीदारी असेल तर ७० टक्क्यांची. द्रुतगती महामार्गात जमीन गेलेल्या मावळच्या माणसाला या टक्क्यांचे मोल कळते. वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर २०१४ ला, पाच प्रकारच्या कामांना ही अट काढून टाकणारा अध्यादेश निघाला आणि प्रणव मुखर्जी यांनी सही केली. पुढच्याच महिन्यात, अध्यादेशाची वाट नेहमीची होऊ नये, असे त्यांनी जाहीरपणे बजावले. तरी तोच अध्यादेश २०१५ मध्ये आणखी दोनदा काढला गेला आणि त्यावरही त्यांची सही झाली. देशभर शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला तो आपोआप संपला. बोलले ते योग्य, पण तीनदा सही करून बोलणे आणि एकदा परत पाठवून बोलणे यात फरक आहे.

तिसरी सप्टेंबर २०२० ची. शेतमालाचा व्यापार, करारशेती आणि जीवनावश्यक वस्तू यांविषयीची तीन विधेयके संमत झाली होती, त्यांतली पहिली दोन राज्यसभेत गोंधळात, आवाजी मतदानाने. विरोधकांनी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांना ती परत पाठवण्याची विनंती केली. त्यांनी सही केली. वर्षभर आंदोलन चालले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने तेच कायदे मागे घेतले. कायदे चांगले की वाईट, यावर शेतकऱ्यांतही दोन मते होती आणि आहेत. पण मतमोजणीच झाली नाही असा आक्षेप असताना एकदा परत पाठवले असते, तर वर्षभराचा ताण कदाचित टळला असता, असे मला वाटते. तुम्हाला वेगळे वाटत असेल तर पारावर जरूर मांडा.

दयेचा अर्ज

फाशीची शिक्षा झालेल्याचा दयेचा अर्जही राष्ट्रपतींकडे जातो. इथेही सल्ला गृहखात्याचा असतो, पण कागद किती दिवस पडून राहतो ते राष्ट्रपतींवरही असते. कलामांनी पाच वर्षांत दोनच अर्ज निकालात काढले, बाकीचे तसेच राहिले. प्रतिभाताईंनी तिसाहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि त्यावरून टीका सोसली. प्रणवबाबूंनी बहुतेक अर्ज फेटाळले. मुंबईवर हल्ला करणाऱ्या कसाबचा अर्ज ५ नोव्हेंबर २०१२ ला फेटाळला गेला आणि २१ तारखेला येरवड्यात त्याला फाशी झाली.

कोणी दयाळू, कोणी कठोर, यावर भांडण होईलच. माझ्या मते खरा दोष दिरंगाईचा. अर्ज वर्षानुवर्षे अडकला म्हणून जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. पुण्याजवळ २००७ मध्ये घडलेल्या एका तरुणीच्या खुनाच्या प्रकरणातही, दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर सरकारी कागद वेळेवर हलले नाहीत, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. कैद्याच्या घरचे असोत की मेलेल्या लेकीचे आईबाप, 'होय' की 'नाही' हे वेळेवर कळणे दोघांचाही हक्क आहे.

आपल्या प्रतिभाताई आणि लोणावळ्याला आलेले पाहुणे

जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. सत्तावीस वर्षांच्या असताना, १९६२ मध्ये त्या आमदार झाल्या होत्या. मराठी उमेदवार म्हणून शिवसेनेनेही त्या वेळी आपली आघाडी सोडून त्यांना पाठिंबा दिला. नोव्हेंबर २००९ मध्ये वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून उड्डाण केले, तेव्हा घरोघरच्या आज्यांना कोण अभिमान वाटला! परदेश दौऱ्यांवरून आणि निवृत्तीनंतर पुण्यात मिळणाऱ्या जागेवरून त्यांच्यावर टीका झाली. ती जागा घेणार नसल्याचे त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केले. कागद परत पाठवल्याचा मोठा दाखला मात्र त्यांच्या नावावर नाही. अभिमान आणि परीक्षा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, म्हणून हे लिहिले.

आमच्या लोणावळ्यालाही राष्ट्रपती येऊन गेले. नौदलाच्या आयएनएस शिवाजी या तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेला ७५ वर्षे झाली, तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये कोविंद यांनी तिला राष्ट्रपतींचे निशाण दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये द्रौपदी मुर्मू आल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापलेल्या कैवल्यधामच्या शताब्दीनिमित्त शालेय शिक्षणात योग आणण्याविषयीची परिषद होती. लोक रस्त्याच्या कडेला गाड्यांचा ताफा पाहायला उभे राहतात. ताफा पाहून परीक्षा होत नाही. मुर्मू यांच्याविषयी एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. त्या झारखंडच्या राज्यपाल असताना आदिवासींच्या जमिनींच्या कायद्यात बदल करणारी दोन विधेयके त्यांच्यापुढे आली होती. २०१७ मध्ये त्यांनी ती परत पाठवली. त्यांना नेमणारे आणि विधेयक करणारे सरकार एकाच पक्षाचे होते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधवांनी हे लक्षात ठेवावे. राष्ट्रपती म्हणून त्यांचे माप मात्र कारकीर्द पुरी झाल्यावरच लावावे. उभ्या पिकाचा उतारा सांगू नये.

मग निकाल काय?

मागायचाच झाला तर माझा निकाल असा. पहिला क्रमांक नारायणन यांचा, कारण दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांना त्यांनी एकाच मापाने मोजले. दुसरा राजेंद्रबाबूंचा, कारण न पटलेल्या कायद्यावरही लोकांचा मान राखून सही केली. लोकांच्या प्रेमात कलाम सर्वांच्या पुढे, हे मान्य. शेवटचा क्रमांक मी माणसाला देणार नाही, २५ जून १९७५ च्या सहीला देईन.

आता घरच्या गोष्टीकडे वळू. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. कित्येक गावांत सरपंच बाई असते आणि खुर्चीवर तिचा नवरा बसतो. प्रोसिडिंगचे वहीपान घरी येते, चुलीपुढे बसल्या बसल्या बाई सही करते. सभा झाली की नाही, ठराव कोणता, गायरान कोणाला गेले, काही ठाऊक नसते. दिल्लीच्या राष्ट्रपतीला रबरी शिक्का म्हणणारी आपण माणसे आपल्या सुनेच्या हातात तोच शिक्का देतो. चौकशी झाली की नोटीस मात्र तिच्या नावाने येते, नवऱ्याच्या नाही.

तेव्हा ताई, वहिनी, राष्ट्रपतींना लावलेले माप तुम्हीही वापरा. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. सभा झाली का आणि कोण कोण हजर होते? ठराव मला वाचून दाखवला का? कोरी जागा कुठे सोडली आहे का? उत्तर समाधानाचे नसेल तर "उद्या बघू" म्हणा. देशाच्या राष्ट्रपतींना कागद एकदाच परत पाठवता येतो. तुम्हाला तर तशी काही अट नाही.

आणि दादांनो, पुढच्या खेपेला पारावर हा वाद निघाला, की "कोण आवडतो?" असे न विचारता "कुठल्या कागदावर त्याने काय केले?" असे विचारा. शाळेत जाणाऱ्या पोरापोरींना शेजारी बसवून घ्या. पुढे मत त्यांनाच द्यायचे आहे, आणि सहीही.